वजनकाटा, टेप आणि वीस लिटरचा जार

मंडळी, सुरुवातीलाच माफी मागून ठेवते. माझं शिक्षण बालवाडीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी माझं जुनं भांडण आहे आणि 'पंच्याऐंशी' म्हणजे नक्की किती हे मी अजूनही मनातल्या मनात इंग्लिशमध्ये मोजते. संपादक मंडळातल्या मैत्रिणीने "मराठी विभागाला एक माहितीपर लेख कमी पडतोय, तू ते जिम-बिम करतेस ना, त्यावर लिही" असं म्हटल्यावर मी नाही म्हणणार होते. पण मेसमध्ये रोज कोणीतरी "आजपासून रात्रीचं जेवण बंद" असं जाहीर करतं, ते ऐकून शेवटी लिहायला बसले. कारण हे जाहीर करणारी पहिल्या वर्षी मीच होते.

एफ.ई.ला आले तेव्हा माझं वजन ५७ किलो, उंची १५८ सेंटीमीटर. म्हणजे जाड मुळीच नाही. पण जीन्सच्या वर पोट यायचं, आणि हॉस्टेलच्या आरशाला ते फार आवडायचं. मग काय! रात्रीचं जेवण बंद, सकाळचा नाश्ता बंद, दिवसभर काळा चहा आणि भूक लागली की दोन बिस्किटं. शिवाय ग्राउंडला रोज चाळीस मिनिटं धावणे. चार महिन्यांत वजन ५०.५ वर आलं. घरून कौतुक, मैत्रिणींकडून हेवा... सगळं मिळालं. आणि मग एका सकाळी स्मिदी शॉपमध्ये, घण माझ्या हातात यायच्या आतच, मी सरळ खाली बसले ते उठलेच नाही. डोळ्यांपुढे अंधार. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.६. (बायकांमध्ये १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया म्हणतात.) केस गळत होते ते वेगळंच.

पण खरा धक्का पुढेच आहे. कंबर मोजली तर आधी ७९ सेंटीमीटर होती, ती आता ७७. साडेसहा किलो गेले आणि कमरेतले फक्त दोन सेंटीमीटर! मग बाकीचं गेलं कुठून?

इंजिनिअरिंगवाल्यांना हे सांगायला फार शब्द लागू नयेत. वजन बरोबर चरबी अधिक बाकीचं सगळं. म्हणजे स्नायू, हाडं, पाणी वगैरे. समीकरण एक, अज्ञात दोन. काटा आपल्याला फक्त बेरीज सांगतो, आणि आपण त्या बेरजेवरून चरबीचं उत्तर काढून मोकळे होतो. एम-वनच्या पेपरात असं केलं तर शून्य मार्क मिळतील. माझ्या बाबतीत स्नायू गेले होते, पाणी गेलं होतं, आणि चरबी बरीचशी जागेवर होती. डाएटच्या पहिल्या आठवड्यात जे दोन किलो 'गायब' होतात ना, त्यातही मोठा वाटा पाण्याचाच असतो. शरीरात साखरेचा जो साठा असतो, ग्लायकोजेन, त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. साठा संपला की पाणीही जातं, आणि रविवारी फीस्ट जेवलं की दोन्ही परत!

हे सगळं मी वाचायला लागले ते मात्र माझ्यासाठी नाही, पप्पांसाठी. त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत पप्पांच्या ऑफिसमध्ये तपासणी झाली आणि त्यांना डायबेटिस निघाला. वय ४६, वजन ६५ किलो, उंची पाच फूट सात इंच. आमच्याकडे कोणीही जाड नाही. पप्पांना तर मावश्या 'काडीपैलवान' म्हणतात. ते रिपोर्ट हातात घेऊन म्हणत होते, "अगं, मी तर बारीक आहे, मला कसली शुगर?" मम्मी काहीच बोलली नाही. तिने फक्त चहाचा डबा उघडला आणि साखर न घालता चहा ठेवला.

या प्रश्नाचं उत्तर आपल्या शेजारी पुण्यातच शोधलं गेलंय हे मला माहीतही नव्हतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या साप्ताहिकात छापून आला. शेजारी शेजारी उभे दोन सडपातळ डॉक्टर. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. (बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग.) पण मशीनवर चरबी मोजली तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांच्या शरीरात २१.२ टक्के! बेरीज तीच, आतली वाटणी वेगळी. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं त्यांनी मोजली, तेव्हाही हेच दिसलं. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण आपल्या बाळांमध्ये जे कमी होतं ते मुख्यतः स्नायू वगैरे होतं, चरबी त्यामानाने राखलेली होती. म्हणजे बारीक दिसायचं आणि आतून चरबी बाळगायची, ही सवय आपल्याला पाळण्यापासून असते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये सुचवलं की आशियाई लोकांनी बीएमआय २५ ची वाट न बघता २३ लाच सावध व्हावं. माझा पहिल्या वर्षाचा २२.८ होता. पप्पांचा साधारण २२.५. दोघेही आपले 'नॉर्मल'!

आता स्नायूंचा आणि शुगरचा संबंध काय? जेवल्यावर रक्तात जी साखर येते, ती साठवायचं सर्वांत मोठं गोडाउन म्हणजे आपले स्नायू. गोडाउन लहान आणि बंद पडलेलं असेल तर माल रस्त्यावरच राहणार. आणि काम करणारा स्नायू इन्सुलिनची फार वाट न बघता साखर आत ओढून घेतो. मात्र जिममध्ये जे सांगतात की 'एक किलो मसल वाढला की बसल्या बसल्या शंभर कॅलरी जास्त जळतात', ते खरं नाही. आराम करताना एक किलो स्नायू दिवसाला १३ कॅलरीच्या आसपासच खर्च करतो. बिस्किटाचा अर्धा तुकडा समजा. तेव्हा त्या आशेवर राहू नका. स्नायू हवेत ते गोडाउन म्हणून, आणि जार उचलायला म्हणून.

जारचं सांगते. आमच्या मजल्यावर वीस लिटरचा पाण्याचा जार असतो. पाणीच वीस किलो, वर जारचं वजन. तो संपला की मजल्यावरच्या चाळीस मुली 'कोणीतरी लावेल' म्हणून तहानलेल्या बसून राहतात आणि शेवटी वॉचमन काकांना हाक जाते. पहिल्या वर्षी मी एकदा प्रयत्न केला. जार जमिनीपासून चार इंच वर आला आणि कॉरिडॉरभर पाणी! तेव्हा मी काट्याऐवजी जारला माझं मोजमाप ठरवलं.

व्यायामाची सुरुवात आजोबांनी करून दिली. ते मूळचे साताऱ्याकडचे, लहानपणी तालमीत जायचे. मी घरी आजारी चेहरा करून पडले होते, तर म्हणाले, "उठ, दंड काढ." मला वाटलं लायब्ररीसारखा फाइन मागतायत! मी म्हटलं, "आबा, कसला दंड? मी काय केलं?" 'बैठक'ही मला फक्त घरातली खोली म्हणून माहीत होती. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग भिंतीला धरून त्यांनी दहा बैठका मारून दाखवल्या. वय ७४. मी आठव्या बैठकीला खाली बसले.

पुढे हॉस्टेलला येऊन मी जे केलं ते सरळ आहे. आठवड्यातून तीन दिवस. सोमवार, बुधवार, शुक्रवार, प्रत्येक वेळी चाळीसेक मिनिटं. मधले दिवस मोकळे, कारण स्नायू व्यायाम करताना वाढत नाही, नंतर खाताना-झोपताना वाढतो. व्यायाम फक्त पाच प्रकारचे: बसून उठणे, ढकलणे, ओढणे, कमरेतून वाकून उचलणे आणि वजन घेऊन चालणे. यात दंडासाठी वेगळं आणि पोटासाठी वेगळं असं काही नाही. पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जाते, हा गैरसमज डोक्यातून काढा. चरबी कुठून काढायची हे शरीर ठरवतं, त्यात आपल्याला मत नाही.

दंडांचं उदाहरण घ्या. जमिनीवर मला एकही जमत नव्हता. म्हणून आधी भिंतीला हात टेकून, ते बारा जमले की खिडकीच्या कट्ट्यावर, मग टेबलाच्या कडेला, मग कॉटच्या, आणि मग जमीन. ऑगस्टमध्ये भिंतीपासून सुरुवात केली, जमिनीवरचा पहिला पूर्ण दंड निघाला जानेवारीत. रूममेटने टाळ्या वाजवल्या, मी पालथी पडून राहिले. नियम एकच: आठ वेळा जमतंय तिथून सुरुवात, वाढवत बारापर्यंत न्यायचं, बारा नीट जमले की थोडं अवघड करायचं आणि परत आठवर यायचं. १९४० च्या दशकात अमेरिकेत डॉ. थॉमस डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांवर ही हळूहळू ओझं वाढवत नेण्याची पद्धत वापरली, तेव्हापासून ती शास्त्रात आली. आमच्या आबांच्या तालमीत मोठा मुद्गल लहान पोराच्या हातात देत नसत, तेही हेच. प्रत्येक सेटमध्ये अजून दोन निघाले असते असं वाटताना थांबायचं. जीव जाईपर्यंत करायची गरज नसते. आणि लिहून ठेवायचं! माझी वही म्हणजे एस.ओ.एम.च्या जर्नलची मागची पानं आहेत. (सरांनी सही करताना 'हे कोणतं एक्सपेरिमेंट?' असं विचारलं होतं.)

पहिल्या महिना-दीड महिन्यात आकडे भराभर वाढतात पण आरशात काहीच दिसत नाही. घाबरू नका. तेव्हा स्नायू वाढलेले नसतात, मेंदू आहे त्याच स्नायूंना जास्त नीट कामाला लावायला शिकत असतो. बहुतेक जण नेमके याच वेळी जिम सोडतात.

वाकून उचलण्याबद्दल मात्र थोडं थांबून सांगते, कारण इथेच पाठी जातात. एस.ओ.एम.मध्ये आपण बेंडिंग मोमेंट काढतो ना, बळ गुणिले अंतर, तेच. वीस किलोचा जार कमरेच्या मणक्यापासून ४० सेंटीमीटर लांब धरला तर त्या जारचा मोमेंट साधारण ७८ न्यूटन-मीटर. तोच अंगाला चिकटवून १५ सेंटीमीटरवर आणला तर २९. जार तोच, बाई तीच, आणि पाठीवरचा जारचा भार निम्म्याहून कमी. म्हणून वजन पायांच्या मध्ये घ्या, कुल्ले मागे न्या, पाठ सरळ पट्टीसारखी, आणि उचलताना जमीन पायाने ढकला. मी सुरुवात पाच लिटरच्या कॅनने केली, मग दहा लिटर, मग दोन्ही हातांत दहा-दहा. पाण्यासारखं सोयीचं वजन नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, कॅलिब्रेशनची भानगडच नाही!

मुलींना एक भीती असते, 'आम्ही बॉडीबिल्डर दिसू'. अगं, त्यासाठी लागणारं टेस्टोस्टेरॉन आपल्यात मुलांच्या दहाव्या हिस्स्याहूनही कमी असतं. मुलं वर्षभर घाम गाळून, दिवसाला सहा अंडी खाऊनही तशी दिसत नाहीत, तर आपण चुकून कशा दिसणार? आणि मुलांनो, तुम्हाला एकच: ओळखीच्या दादाने दिलेलं कोणतंही इंजेक्शन किंवा बिनलेबलची गोळी घेऊ नका. त्यावर चर्चाही नको.

आता मेस. मी एक आठवडा रोज काय खाल्लं ते लिहून प्रोटीनची बेरीज काढली. पोहे एक प्लेट, दोन्ही वेळा मिळून पाच-सहा पोळ्या, भात, बटाट्याची रस्साभाजी, आणि ज्याला आपण वरण म्हणतो ते पिवळं पाणी. एका पोळीत तीन ग्रॅम, एका वाटी वरणात तेवढंच. दिवसाचे जेमतेम ४० ग्रॅम. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतं. म्हणजे माझ्या आत्ताच्या ५५ किलोला ४६. व्यायाम करणाऱ्याला किलोमागे १.६ पर्यंत घेतल्याचा फायदा दिसतो, त्यापुढे फारसा नाही. म्हणजे ८८. अर्ध्याहून जास्त खड्डा भरायचा होता.

पावडरचा डबा परवडत नव्हता आणि आयसीएमआरच्याच संस्थेने २०२४ मध्ये बॉडी बनवण्यासाठी त्या टाळा असं सांगितलं आहे. माझा खड्डा असा भरला: दोन उकडलेली अंडी १२ ग्रॅम, एक मोठा ग्लास दूध ८, मूठ-दोन मूठ म्हणजे ५० ग्रॅम फुटाणे १०, आणि ३० ग्रॅम सोया चंक्स १५. झाले ४५. अंडी न खाणाऱ्यांनी दही, पनीर, मोड आलेले मूग आणि शेंगदाणे घ्यावेत. फक्त शेंगदाण्यात तेलही भरपूर असतं, अभ्यास करता करता अर्धा किलो संपतो आणि कळतही नाही. सोया चंक्स किटलीतल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवले, पिळले आणि मेसच्या रश्शात टाकले की झालं. (रेक्टर मॅडम, किटली खोलीत नसते, मैत्रिणीच्या मैत्रिणीकडे असते.) आणि सगळ्यात फुकटचा उपाय: वरण वाढताना मेसच्या काकांना "काका, तळातून द्या ना" म्हणा. डाळ खालीच बसलेली असते. पहिले दोन दिवस ते बघत राहिले, आता मला बघितलं की न सांगता पळी खाली घालतात.

पोळी-भात बंद करायची गरज मला कधीच पडली नाही. ताटात आधी डाळ-अंडं-दही, मग कोशिंबीर-भाजी, मग भूक असेल तेवढा भात. असं केलं की भात आपोआप कमी जातो. बंद केलं ते रात्री दीड वाजताचं मॅगी, आणि तेही पूर्ण नाही. सबमिशनच्या आठवड्यात माणूस देव नसतो.

लोहाबद्दल मला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक गोष्ट सांगितली, जी मला कोणीच सांगितली नव्हती: जेवताना किंवा जेवल्या जेवल्या चहा घ्यायचा नाही. चहातले घटक डाळी-भाज्यांतलं लोह शोषू देत नाहीत. तास-दीड तास जाऊ द्यायचा. उलट जेवणावर लिंबू पिळलं की शोषण वाढतं. आपल्या मेसमध्ये जेवण आणि चहा हातात हात घालून येतात, त्यामुळे हे जड गेलं. आणि मुलींनो, डाएट करताना पाळी लांबायला लागली तर ते डाएट 'लागू पडल्याचं' लक्षण नव्हे. शरीराला पुरेसं मिळत नाहीये. डॉक्टरांकडे जा. मी दोन महिने कोणालाच बोलले नव्हते.

झोपेचं कोणी ऐकणार नाही हे माहीत आहे, तरी आकडे देते. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये एक प्रयोग छापला. दहा वजनदार माणसांना कमी कॅलरीचा तोच आहार देऊन चौदा दिवस साडेआठ तास झोपायला दिलं आणि वेगळ्या चौदा दिवसांत फक्त साडेपाच तास. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखंच उतरलं, तीनेक किलो. पण पुरेशा झोपेत त्यातली चरबी १.४ किलो होती, कमी झोपेत फक्त ०.६. बाकीचं स्नायू वगैरे गेलं. पुन्हा तेच, काट्यावर बेरीज सारखी! पीएलमध्ये चार तास झोपून डाएट करणाऱ्यांनी हे दोन आकडे कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावेत.

मग मोजायचं कसं? शिंप्याची टेप, दहा रुपये. दर पंधरा दिवसांनी, सकाळी, बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून. आपल्याकडच्या बायकांनी ८० आणि पुरुषांनी ९० सेंटीमीटरच्या आत राहावं असं मानतात. जिममधलं ते हातात धरायचं फॅट मशीन मीही वापरलं. ते शरीरातून बारीकसा करंट सोडून रेझिस्टन्स मोजतं आणि पुढचं सगळं फॉर्म्युल्याने ठरवतं. बाटलीभर पाणी पिऊन परत धरलं तर माझा आकडा बदलला. इलेक्ट्रिकलवाल्यांना आश्चर्य वाटणार नाही.

आज, सव्वा वर्षानंतर, वजन ५५, कंबर ७२. म्हणजे काटा साडेचार किलोने वर, टेप पाच सेंटीमीटरने खाली. हिमोग्लोबिन १२.४. मावशी म्हणाली, "पुन्हा वाढलीस गं." मी टेप दाखवली नाही, वाद नको म्हणून.

पप्पांच्या गोळ्या चालू आहेत, त्या डॉक्टरांच्या हातात. पण डॉक्टरांना विचारूनच त्यांनी बैठका सुरू केल्या. आधी खुर्चीवर बसून उठणे दहा, आता बिनखुर्चीच्या तीस. रोज रात्री नऊला फोन येतो. आधी "जेवलीस का?" असायचं. आता आधी आकडा सांगतात, मग विचारतात. आबा मागून ओरडतात, "अर्ध्याच बसतोय तो, मोजू नकोस!"

जार मागच्या महिन्यात लागला. एकटीने, स्टँडवर, एक थेंब न सांडता. वॉचमन काका जिन्यापर्यंत आले होते, ते तिथूनच परत गेले.

मुलींची जिमची वेळ सकाळी ६ ते ७ आहे आणि चावी रेक्टर ऑफिसच्या दाराजवळच्या खिळ्यावर असते. साडेसहानंतर गेलात तर मुलांचा गलका दाराबाहेर सुरू होतो, म्हणून वेळेत जा. मेस कमिटीकडे रोज नाश्त्याला दोन अंडी किंवा वाटीभर मोड आलेल्या कडधान्याचं कूपन मागितलंय, त्या अर्जावर अजून चौदा सह्या कमी आहेत. अर्ज माझ्याकडे आहे. दहा लिटरचे दोन कॅनही माझ्याच खोलीत आहेत. न्या, पण परत आणताना भरून आणा.